अत्यल्प ऊर्जेवर चालणारी भरवशाची असिंक्रोनस सर्किट्स: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

डिजिटल रचना शिकलेल्या, पण क्लॉकशिवाय काही घडवून न पाहिलेल्या अभियंत्यांकडून आणि विद्यार्थ्यांकडून जे प्रश्न पुन्हापुन्हा येतात, त्यांची उत्तरे येथे दिली आहेत. सगळ्या उत्तरांमागे एक भूमिका आहे, ती आधीच सांगून टाकतो. व्होल्टेज अगदी खाली नेले की गेटच्या विलंबाचा अंदाज बांधणे हेच सर्वांत महाग काम होऊन बसते, आणि असिंक्रोनस पद्धतीचे खरे मोल तो अंदाज बांधण्याची गरज कमी होण्यात आहे. क्लॉकची ऊर्जा वाचते, हा त्यापुढे दुय्यम लाभ आहे.

असिंक्रोनस सर्किट म्हणजे नेमके काय?

नेहमीच्या सर्किटमध्ये एक सामाईक क्लॉक असते आणि त्याच्या प्रत्येक ठोक्याला सगळे रजिस्टर एकदम नवी किंमत उचलतात. ठोका पडेपर्यंत मधल्या गेट्सचे काम पुरे झालेले असेल असे धरून चाललेले असते. ते खरोखर झाले की नाही, याची विचारपूस कोणी करत नाही. असिंक्रोनस सर्किटमध्ये शेजारचे दोन टप्पे थेट एकमेकांशी बोलतात. ‘माहिती तयार आहे’ अशी विनंती एका बाजूने जाते आणि ‘मिळाली’ अशी पोच दुसऱ्या बाजूने परत येते. या देवाणघेवाणीला हँडशेक म्हणतात. विनंती वर, पोच वर, विनंती खाली, पोच खाली असे चार बदल एका व्यवहारात होत असतील तर तो चार-फेज हँडशेक. प्रत्येक बदलालाच, मग तो वर जाणारा असो वा खाली येणारा, अर्थ असेल तर तो दोन-फेज. दोन-फेजमध्ये तारांवरचे बदल निम्मे होतात, पण ते ओळखणारी गेट्स अधिक गुंतागुंतीची होतात, म्हणून कमी व्होल्टेजच्या कामात चार-फेज पद्धतच अधिक वापरली जाते.

क्लॉक काढले की ऊर्जा आपोआप वाचते का?

नाही, आणि हा गैरसमज सर्वांत आधी दूर करायला हवा, कारण त्याच्या भरवशावर सुरू झालेले प्रकल्प हटकून निराशेत संपतात.

क्लॉकचे जाळे चिपभर पसरलेले असते, त्याचे बफर (संकेत जोमदार करून पुढे पाठवणारी गेट्स) प्रत्येक ठोक्याला कपॅसिटन्स भरतात आणि रिकामे करतात, ही ऊर्जा असिंक्रोनस रचनेत खरोखर वाचते. पण सिंक्रोनस रचनाकारांनीही क्लॉक गेटिंग फार पूर्वीच आत्मसात केले आहे; जो भाग काम करत नाही त्याचे क्लॉक ते तोडतात. त्यामुळे तुलना करायची ती चांगल्या क्लॉक गेटिंग केलेल्या रचनेशी करायला हवी. शिवाय हँडशेकची नियंत्रक गेट्स, काम पुरे झाल्याचे ओळखणारी, झाडाच्या फांद्यांसारखी जोडलेली गेट्स, दुप्पट तारा हे सगळे फुकट येत नाही. ट्रान्झिस्टर वाढतात, आणि वाढलेला प्रत्येक ट्रान्झिस्टर स्वस्थ बसलेला असतानाही थोडा प्रवाह गळू देतो.

हिशेब करून पाहिला की चित्र स्पष्ट होते. समजा एखादे संवेदक-सर्किट सेकंदातून एकदा जागे होते, त्या कामाला २० नॅनोज्यूल लागतात, आणि त्याची गळती १०० नॅनोवॉट आहे. सेकंदभरात गळतीचेच १०० नॅनोज्यूल होतात, म्हणजे कामाच्या पाचपट. अशा सर्किटची असिंक्रोनस आवृत्ती काढून कामाची ऊर्जा निम्मी केली, पण ट्रान्झिस्टर वाढल्यामुळे गळती दीडपट झाली, तर एकूण खर्च १२० वरून १६० नॅनोज्यूलवर जातो. येथे आधी पॉवर गेटिंग हवे, म्हणजे निष्क्रिय भागाचा पुरवठाच तोडायला हवा. हे आकडे उदाहरणापुरते घेतले आहेत. आपल्या सर्किटचे आकडे घालून हाच हिशेब रचनेला हात घालण्यापूर्वी करावा.

मग फायदा नेमका कोठे होतो?

काम अनियमित असेल तेथे. घटना कधी येईल हे ठाऊक नाही, आली की ताबडतोब प्रतिसाद द्यायचा आहे आणि नंतर पुन्हा शांत बसायचे आहे, अशा ठिकाणी असिंक्रोनस सर्किटला जागे होण्यासाठी ऑसिलेटर सुरू करून तो स्थिर होण्याची वाट पाहावी लागत नाही. विनंती आली की पहिले गेट बदलते. काम नसते तेव्हा कोणतीच तार हलत नाही आणि उरते ती फक्त गळती.

दुसरा फायदा पुरवठाच डळमळीत असतो तेथे होतो. प्रकाश, कंपने किंवा उष्णता यांपासून मिळवलेल्या ऊर्जेवर चालणाऱ्या उपकरणात व्होल्टेज क्षणाक्षणाला बदलते. नीट बांधलेले असिंक्रोनस सर्किट अशा वेळी चुकत नाही, केवळ सावकाश चालते. तिसरा फायदा कमी बोलला जातो, पण रेडिओ किंवा नाजूक ॲनालॉग भाग शेजारी असेल तर तो निर्णायक ठरतो: सगळे रजिस्टर एकाच क्षणी बदलत नसल्यामुळे पुरवठ्यावरील प्रवाहाचे झटके पसरतात आणि विद्युतचुंबकीय गोंगाट घटतो.

व्होल्टेज किती खाली न्यावे?

गेट बदलताना लागणारी ऊर्जा कपॅसिटन्स गुणिले व्होल्टेजचा वर्ग या प्रमाणात असते, म्हणून व्होल्टेज निम्मे केले की ती एक-चतुर्थांश होते. मोह होतो तो येथे. परंतु व्होल्टेज थ्रेशोल्डच्या, म्हणजे ट्रान्झिस्टर नीट चालू होण्याच्या पातळीच्या, खाली (सबथ्रेशोल्ड पट्ट्यात) गेले की ट्रान्झिस्टरचा प्रवाह घातांकी वेगाने घटतो, त्याच वेगाने विलंब वाढतो, आणि तेवढा वेळ सर्किटमधील सगळे ट्रान्झिस्टर गळत राहतात. एका बाजूला घटणारी स्विचिंगची ऊर्जा आणि दुसऱ्या बाजूला वाढणारी गळतीची ऊर्जा यांच्या बेरजेला कोठेतरी तळ असतो, त्याला किमान ऊर्जेचा बिंदू म्हणतात. बहुतेक डिजिटल सर्किट्ससाठी तो ३०० ते ५०० मिलिव्होल्टच्या आसपास येतो. सर्किट जितके कमी हालचालीचे, तितका तो वर सरकतो, कारण गळतीचा वाटा मोठा होतो.

त्याच्याही खाली काम होऊ शकते. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीत बनवलेला सबथ्रेशोल्ड एफएफटी (संकेतातील वारंवारता वेगळ्या काढण्याचे गणित करणारा) प्रोसेसर १८० मिलिव्होल्टपर्यंत चालला होता, मात्र त्याचा किमान ऊर्जेचा बिंदू ३५० मिलिव्होल्टवर होता. चालू शकणे आणि काटकसरीने चालणे यांतला फरक यावरून ध्यानात येतो.

कमी व्होल्टेजवर विलंबाचा अंदाज इतका अवघड का होतो?

सबथ्रेशोल्ड पट्ट्यात ट्रान्झिस्टरच्या गेट या टोकाचे व्होल्टेज खोलीच्या तापमानाला किमान ६० मिलिव्होल्टने बदलले की प्रवाह दसपट बदलतो. साध्या बल्क सीमॉसमध्ये (सरळ सिलिकॉनच्या चकतीवर बनवलेल्या नेहमीच्या ट्रान्झिस्टरांत) हा आकडा ८० ते १०० मिलिव्होल्ट असतो. ९० धरून चालू. एका ट्रान्झिस्टरचे थ्रेशोल्ड शेजाऱ्यापेक्षा ५० मिलिव्होल्टने जास्त निघाले, तर त्याचा प्रवाह सुमारे ३.६ पट कमी होतो. लहान ट्रान्झिस्टरमध्ये डोपंट (सिलिकॉनमध्ये मुद्दाम मिसळलेल्या) अणूंच्या संख्येतील योगायोगानेही थ्रेशोल्ड दहापाच मिलिव्होल्टने सहज हलते, आणि हा फरक ट्रान्झिस्टरच्या क्षेत्रफळाच्या वर्गमुळाच्या व्यस्त प्रमाणात वाढतो. त्यात तापमानाची भर पडते. नेहमीच्या व्होल्टेजवर तापमान वाढले की गेट मंदावते, येथे ते वेगवान होते, कारण थ्रेशोल्ड उतरते.

सिंक्रोनस रचनेत सर्वांत वाईट गेट, सर्वांत थंड क्षण आणि सर्वांत कमी पुरवठा हे सगळे एकदम येतील असे मानून क्लॉकचा कालावधी ठरवावा लागतो. बहुतेक चिपांवर, बहुतेक वेळ, सर्किट काम संपवून पुढच्या ठोक्याची वाट पाहत गळत बसते. काम संपल्याचे स्वतः सांगणारे सर्किट ही प्रतीक्षा टाळते. या विषयाचे मर्म कोठे आहे असे कोणी विचारले, तर मी या प्रतीक्षेकडे बोट दाखवीन.

बंडल्ड डेटा वापरावा की ड्युअल-रेल?

सर्वाधिक वाद होतो तो याच प्रश्नावर, आणि दोन्ही बाजूंना पक्के आधार आहेत.

बंडल्ड डेटामध्ये माहितीच्या तारा नेहमीसारख्याच असतात, प्रत्येक बिटला एक. विनंतीची तार मात्र मुद्दाम ठेवलेल्या विलंब-साखळीतून जाते आणि ही साखळी माहितीच्या सर्वांत लांब वाटेपेक्षा हळू असायला हवी. ड्युअल-रेलमध्ये प्रत्येक बिटला दोन तारा असतात. एक उठली तर शून्य, दुसरी उठली तर एक, दोन्ही खाली असतील तर माहिती अजून आलेली नाही. वेळेची बातमी माहितीतच गुंफलेली असल्यामुळे वेगळ्या विलंब-साखळीची गरज उरत नाही.

आता ३२ बिटांचा एक शब्द चार-फेज पद्धतीने पाठवताना तारांवर किती बदल होतात ते मोजू. माहिती यादृच्छिक असेल तर बंडल्ड डेटात सरासरी १६ तारा बदलतात, त्यात हँडशेकचे ४ बदल, एकूण २०. ड्युअल-रेलमध्ये प्रत्येक बिटची एक तार उठते आणि पुन्हा खाली येते, म्हणजे ६४, अधिक पोचेचे २, एकूण ६६. दोन-दोन बिटांचा गट करून चारपैकी एक तार उठवण्याची पद्धत घेतली, तर १६ गटांचे ३२ आणि पोचेचे २ मिळून ३४ बदल होतात. खरी माहिती यादृच्छिक नसते. संवेदकाच्या लागोपाठच्या नोंदींत वरचे बिट क्वचितच बदलतात, त्यामुळे बंडल्ड डेटाची बाजू प्रत्यक्षात आणखी जड होते.

मग ड्युअल-रेलचा विचार तरी का करावा? कारण वर सांगितलेली विलंब-साखळी. तिची गेट्स आणि माहितीच्या वाटेवरील गेट्स यांत योगायोगाने येणारा फरक वेगवेगळा असतो, आणि व्होल्टेज उतरेल तशी त्यांच्यातली तफावत फुगते. साखळी लांब असेल तर फरक काही अंशी एकमेकांना छेदतात. १६ सारख्या गेट्सच्या साखळीत सापेक्ष तफावत एका गेटच्या एक-चतुर्थांश होते. आखूड वाटांना हा दिलासा मिळत नाही. खबरदारी म्हणून साखळी दुप्पट लांब ठेवली, तर जो वेळ वाचवायचा होता तोच पुन्हा गळतीच्या हवाली होतो.

माझे मत असे आहे: थ्रेशोल्डच्या वर, ५०० मिलिव्होल्टच्या पुढे, गणिती वाटांसाठी बंडल्ड डेटा घ्यावा आणि साखळीची लांबी चिप तयार झाल्यावर बदलता येईल अशी सोय ठेवावी. थ्रेशोल्डच्या खाली, किंवा पुरवठा स्थिर नसेल तेथे, नियंत्रण आणि अरुंद माहिती-वाटा ड्युअल-रेल किंवा चारपैकी-एक पद्धतीने कराव्यात. लांबच्या दळणवळणासाठी चारपैकी-एक मला नेहमीच उजवी वाटत आली आहे.

सी-एलिमेंट म्हणजे काय, आणि कमी व्होल्टेजवर ते कसे बांधावे?

दोन्ही इनपुट एक झाले की आउटपुट एक, दोन्ही शून्य झाले की शून्य, आणि इनपुटांचे एकमत नसेल तोवर आधीची स्थिती धरून ठेवणारे हे गेट आहे. डेव्हिड मलर यांनी ते १९५० च्या दशकात इलिनॉय विद्यापीठात मांडले. असिंक्रोनस सर्किटमध्ये ते पावलोपावली लागते, म्हणून ते कसे बांधले आहे यावर सगळ्या चिपचा भरवसा अवलंबून असतो.

सर्वांत आटोपशीर रचना ८ ट्रान्झिस्टरची आहे. वर दोन पीमॉस ओळीने, खाली दोन एनमॉस ओळीने, त्यापुढे एक इन्व्हर्टर, आणि स्थिती धरून ठेवण्यासाठी त्याच्या आउटपुटकडून मागे येणारा दुसरा, मुद्दाम अशक्त ठेवलेला इन्व्हर्टर. स्थिती बदलायची असेल तेव्हा इनपुटच्या ट्रान्झिस्टरांना या अशक्त इन्व्हर्टरशी झुंजून जिंकावे लागते. एक व्होल्टवर ते सहज जिंकतात. ३०० मिलिव्होल्टवर काय होते ते जवळून पाहा. समजा मागचा इन्व्हर्टर आकाराने पाचपट अशक्त आहे. ओळीने जोडलेल्या दोन एनमॉसमुळे खालच्या बाजूचे बळ आधीच घटलेले आहे. त्यांपैकी एकाचे थ्रेशोल्ड ५० मिलिव्होल्टने जास्त निघाले की त्याचा प्रवाह ३.६ पट घटतो, आणि पाचपटीचे अंतर पुसले जाते. आतला बिंदू मध्येच अडकतो, आउटपुट अर्धवट राहते, आणि पुढचा सगळा हँडशेक थिजतो. हजारो सी-एलिमेंट असलेल्या चिपवर असे एखादे निघणे ही शक्यता न राहता जवळजवळ खात्री होते.

म्हणून झुंज नसलेली रचना घ्यावी. इनपुटांचे एकमत झाले की मागची वाट आपोआप तोडणाऱ्या १२ ट्रान्झिस्टरच्या दोन रचना प्रचलित आहेत. एक आयव्हन सदरलँड यांच्या नावाने ओळखली जाते आणि दुसरी, सममित, केस व्हान बर्केल यांच्या. चार ट्रान्झिस्टर जास्त लागतात, पण यश आकारांच्या गुणोत्तरावर टांगलेले राहत नाही. हाच नियम प्री-चार्ज केलेल्या डोमिनो गेट्सच्या (ज्यांचे आउटपुट आधी भरून ठेवलेले असते) कीपरलाही, म्हणजे ती स्थिती टिकवणाऱ्या अशक्त ट्रान्झिस्टरलाही, लागू होतो, आणि सबथ्रेशोल्डमध्ये ती शक्यतो टाळावीतच. एकावर एक ओळीने लावलेले ट्रान्झिस्टर तीनपेक्षा जास्त ठेवू नयेत. तीन इनपुटचे सी-एलिमेंट हवे असेल तर दोन इनपुटची दोन जोडावीत. स्थिती धरणारा भागच नसलेले, केवळ कपॅसिटन्सवर विसंबणारे डायनॅमिक सी-एलिमेंट येथे चालत नाही: ३०० मिलिव्होल्टवर चालू आणि बंद प्रवाहांचे गुणोत्तर जेमतेम २,००० च्या घरात असते आणि साठवलेली स्थिती पाहता पाहता वाहून जाते.

‘विलंबाशी देणेघेणे नसलेले’ सर्किट खरोखर शक्य आहे का?

शुद्ध स्वरूपात जवळजवळ नाही. कॅलिफोर्निया इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतील अलेन मार्टिन यांनी १९९० मध्ये दाखवून दिले की, एकच आउटपुट असलेल्या गेट्सपासून पूर्णपणे विलंब-निरपेक्ष सर्किट बांधायचे ठरवले, तर हाती फार तर सी-एलिमेंट आणि इन्व्हर्टर उरतात, आणि त्यांच्यापासून उपयोगी असे फारसे काही घडत नाही. म्हणून एक सवलत घ्यावी लागते. तार फुटून दोन गेट्सकडे जाते आणि त्यांपैकी एकाच गेटकडून पोच मिळते, तेव्हा दुसऱ्या फाट्यावरही बदल ‘पुरेसा लवकर’ पोहोचला असे मानायचे. अशा फुटीला आयसोक्रॉनिक फोर्क आणि अशा सर्किट्सना क्वासी डिले-इन्सेन्सिटिव्ह, थोडक्यात क्यूडीआय, म्हणतात.

‘पुरेसा लवकर’ म्हणजे दोन्ही फाट्यांना एकसारखा वेळ लागावा असे नाही. पोच मिळालेल्या फाट्यावरून निघालेली घटनांची साखळी अनेक गेट्स ओलांडून त्या दुसऱ्या गेटपाशी परत येण्याआधी तिकडचा बदल पोहोचला म्हणजे झाले. व्होल्टेज उतरते तेव्हा गेट्स मंदावतात, तारांचा विलंब मात्र तेवढाच राहतो, त्यामुळे तारांमुळे होणारी विषमता नगण्य ठरते. ही चांगली बातमी आहे. वाईट बातमी अशी की फाट्यावर एखादा बफर किंवा इन्व्हर्टर आला, तर त्याचा विलंब योगायोगाने अनेक पटींनी वाढू शकतो.

माझ्या हातून झालेली चूक नेमकी हीच होती. मांडणी करणाऱ्या सॉफ्टवेअरने एका लांब फाट्यावर स्वतःहून बफर घातला, आम्ही तो तपासला नाही, आणि नेहमीच्या व्होल्टेजवर निर्दोष चालणारी चिप ४०० मिलिव्होल्टखाली नेल्यावर अधूनमधून एक टोकन (टप्प्याटप्प्याने पुढे सरकणारा माहितीचा एक नग) जास्तीचे निर्माण करू लागली. कारण सापडायला काही आठवडे गेले. तेव्हापासून आयसोक्रॉनिक मानलेल्या प्रत्येक तारेला नावात वेगळी खूण देणे आणि मांडणी झाल्यावर त्या तारांवर एकही नवे गेट आलेले नाही, हे स्क्रिप्टने तपासणे हा माझा न मोडणारा नियम आहे.

काम संपल्याचे ओळखण्याचा खर्च किती?

रुंद शब्दांत तो बराच असतो. ३२ बिटांच्या ड्युअल-रेल शब्दासाठी प्रत्येक बिटला एक ऑर गेट आणि त्यांची उत्तरे एकत्र करणारी दोन इनपुटची ३१ सी-एलिमेंट लागतात, आणि झाडाची खोली ५ पातळ्यांची होते. प्रत्येक व्यवहारात हे सगळे झाड एकदा वर आणि एकदा खाली जाते. उपाय सोपा आहे: शब्द आठ-आठ बिटांच्या पट्ट्यांत तोडून प्रत्येक पट्टीला आपला हँडशेक द्यावा आणि खरोखर गरज असेल तेथेच त्यांचा मेळ घालावा.

रीसेटबाबत काय काळजी घ्यावी?

जितकी कराविशी वाटते त्यापेक्षा जास्त. क्लॉक असलेल्या सर्किटमध्ये एखादे रजिस्टर चुकीच्या स्थितीत उठले तरी काही ठोक्यांनी बहुधा सावरते. असिंक्रोनस वर्तुळात टोकन किती आहेत यावरच वागणूक ठरते. एक कमी उठले तर कोंडी होते, एक जास्त उठले तर तीच माहिती दोनदा फिरते. त्यामुळे कोणते सी-एलिमेंट रीसेटमध्ये शून्य आणि कोणते एक, हे आराखड्यातच लिहून ठेवावे.

ऊर्जा गोळा करणाऱ्या स्रोतावर पुरवठा एकदम चढत नाही, कित्येक सेकंद रेंगाळत चढतो. त्या काळात रीसेटची तारही अर्ध्या व्होल्टेजवर असते आणि तिचा अर्थ काही गेट्स ‘सोडला’ असा लावतात, काही ‘अजून धरलेला’ असा. पुरवठा ठरावीक पातळीवर पोहोचल्याची खात्री झाल्यावरच रीसेट सोडणारा वेगळा व्होल्टेज-डिटेक्टर ठेवावा. पुरवठा खाली घसरतानाही तोच नियम लागू होतो: असिंक्रोनस सर्किट मंदावते हे खरे, पण एका पातळीखाली सी-एलिमेंट स्थितीच विसरतात, आणि त्या पातळीच्या आधी सर्किट नीटपणे थांबवायला हवे.

क्लॉकवर चालणाऱ्या भागाशी जोडणी कशी करावी?

असिंक्रोनस संकेत क्लॉकच्या जगात येताना मेटास्टेबिलिटीचा धोका असतो. फ्लिप-फ्लॉपने किंमत उचलण्याच्या क्षणीच ती बदलत असेल, तर तो काही काळ शून्य आणि एक यांच्या मध्ये अडकतो. चेनी आणि मोल्नार यांनी १९७३ मध्ये ऑसिलोस्कोपवरील छायाचित्रांसह हे दाखवले, तोवर अनेकांना ते खरे वाटत नव्हते. दोन फ्लिप-फ्लॉपचा सिंक्रोनायझर हा रूढ उपाय आहे, पण मेटास्टेबिलिटीतून सुटण्याचा वेग ज्या कालांकावर (टाइम कॉन्स्टंटवर) ठरतो तो सबथ्रेशोल्डमध्ये घातांकी वाढतो, आणि दोन चुकांमधला सरासरी काळ त्या कालांकावर पुन्हा घातांकीच अवलंबून असतो. एक व्होल्टवरचा हिशेब ३५० मिलिव्होल्टला लावू नये. त्या व्होल्टेजवर, सर्वांत थंड तापमानाला कालांक नव्याने काढावा आणि गरज पडल्यास तिसरा फ्लिप-फ्लॉप घालावा.

दोन असिंक्रोनस विनंत्यांपैकी आधी कोणती, हे ठरवण्यासाठी आर्बिटर लागतो. त्यालाही मेटास्टेबिलिटी होते, मात्र आउटपुटला लावलेल्या गाळणीमुळे निकाल लागेपर्यंत तो कोणालाच परवानगी देत नाही. बाकीचे सर्किट तोवर थांबू शकते, आणि चुकीचे उत्तर बाहेर जात नाही.

मेमरीचे काय?

गेट्स ३०० मिलिव्होल्टवर आनंदाने चालतात, सहा ट्रान्झिस्टरचा एसरॅम सेल (चिपवरील मेमरीचा एक बिट साठवणारा घटक) मात्र आधीच डगमगू लागतो, कारण त्याचे लिहिणे आणि वाचणे दोन्ही आकारांच्या गुणोत्तरावर अवलंबून असते. आठ ट्रान्झिस्टरचा सेल घ्यावा किंवा मेमरीला थोडे वरचे व्होल्टेज द्यावे. असिंक्रोनस बाजूची सोय अशी की बिटलाइन (सेलमधील बिट बाहेर आणणारी तार) खरोखर उतरल्याचे पाहून वाचन संपल्याचे जाहीर करता येते. लिहिण्याचा शेवट ओळखणे त्याहून कठीण आहे.

पडताळणी कशी करावी? नेहमीची साधने चालतात का?

अर्धवट चालतात. वेळेचे विश्लेषण करणारी नेहमीची साधने क्लॉकच्या दोन ठोक्यांमधील वाटा मोजतात. हँडशेकची वर्तुळे दिसली की ती मनाला येईल तेथे वर्तुळ तोडतात आणि भलतेच आकडे देतात. कोठे तोडायचे हे आपणच सांगावे. संश्लेषण करणारे साधन सी-एलिमेंटला अनावश्यक तर्क समजून ‘सुधारू’ पाहते, म्हणून ती सेल-लायब्ररीत तयार घटक म्हणून ठेवावीत आणि त्यांना हात लावू नये अशी सूचना द्यावी.

नियंत्रक सर्किटसाठी सिग्नल ट्रान्झिशन ग्राफ हे वर्णनाचे उत्तम साधन आहे: कोणत्या बदलानंतर कोणता बदल येऊ शकतो याचा तो नकाशा असतो. त्यावरून पेट्रिफाय हे साधन सर्किट घडवते, आणि न्यूकॅसल विद्यापीठातील वर्कक्राफ्टमध्ये असे ग्राफ काढून कोंडी आणि अनाहूत झटके यांची औपचारिक तपासणी करता येते. मोठ्या रचनांसाठी मँचेस्टरचे बाल्सा हे साधन होते; येल विद्यापीठातील एसीटी हा मुक्त-स्रोत साधनसंच आज वापरता येतो.

याखेरीज एक चाचणी मी कधीही चुकवत नाही. गेट-पातळीच्या सिम्युलेशनमध्ये प्रत्येक गेटला यादृच्छिक विलंब द्यावा, दहापट फरकाने, आणि हजारो वेळा चालवावे. क्यूडीआय रचना बरोबर असेल तर उत्तरे दर वेळी तीच येतात, फक्त वेळ बदलतो. एकदाही वेगळे उत्तर आले तर कोठेतरी न सांगितलेले गृहीतक लपलेले आहे. सी-एलिमेंट आणि आर्बिटर यांच्यासाठी मात्र ट्रान्झिस्टर-पातळीवरच, सर्वांत कमी व्होल्टेजवर, एनमॉस मंद व पीमॉस वेगवान आणि त्याच्या उलट अशा दोन्ही टोकांना मॉन्टे कार्लो, म्हणजे यादृच्छिक फरक घालून पुन्हापुन्हा केलेले सिम्युलेशन, करावे.

तयार चिपची चाचणी अवघड असते का?

एक गोष्ट सोपी असते: क्यूडीआय सर्किटमध्ये एखादी तार कायमची शून्य किंवा एकवर अडकली, तर बहुतेक वेळा हँडशेक थांबतो आणि दोष स्वतःच उघड होतो. बंडल्ड डेटात तसे होत नाही, तेथे माहितीच्या वाटा स्कॅन साखळीनेच (चाचणीसाठी रजिस्टर एकामागे एक जोडून किंमती आत-बाहेर करण्याच्या सोयीने) तपासाव्या लागतात. किरणोत्सर्गामुळे उलटलेला बिट मात्र क्यूडीआयमध्येही जास्तीचे टोकन जन्माला घालू शकतो.

अशा चिप प्रत्यक्षात बनल्या आहेत का?

होय, आणि बराच काळापासून. मार्टिन यांच्या गटाने १९८९ मध्ये पहिला असिंक्रोनस मायक्रोप्रोसेसर, १६ बिटांचा, दाखवला. मँचेस्टर विद्यापीठात स्टीव्ह फर्बर यांच्या नेतृत्वाखाली एआरएम आज्ञासंच चालवणारे अम्युलेट प्रोसेसर १९९० च्या दशकात बनले. अम्युलेट२ई काम नसताना पूर्ण थांबत असे आणि व्यत्यय येताच लगेच उठत असे. फिलिप्सने असिंक्रोनस ८०सी५१ मायक्रोकंट्रोलर बनवला, त्याला सिंक्रोनस आवृत्तीच्या सुमारे एक-चतुर्थांश ऊर्जा लागत होती. तो पेजरमध्ये गेला, आणि तेथे त्याची निवड होण्यात कमी विद्युतचुंबकीय गोंगाटाचा मोठा वाटा होता.

अलीकडचे ठळक उदाहरण आयबीएमच्या २०१४ मधील ट्रूनॉर्थ या मेंदूच्या धर्तीवरील चिपचे आहे: ५४० कोटी ट्रान्झिस्टर, ४,०९६ गाभे, १० लाख कृत्रिम मज्जापेशी, आणि चालताना सुमारे ७० मिलिवॉट. तिचे दळणवळण आणि नियंत्रण असिंक्रोनस आहे, मज्जापेशीचे गणित मात्र सिंक्रोनस ठेवलेले आहे. ही सरमिसळ मला फार शहाणपणाची वाटते. इंटेलच्या लोइही या तशाच चिपमधील गाभ्यांमधले जाळेही असिंक्रोनस आहे.

पहिल्यांदा करून पाहायचे असेल तर काय घ्यावे?

प्रोसेसर घेऊ नये. चार टप्प्यांची, ड्युअल-रेल, एक बिट रुंदीची फिफो (आधी आलेली माहिती आधी बाहेर देणारी रांग) घ्यावी आणि तिचे शेवटचे टोक पहिल्याला जोडून वर्तुळ करावे. त्यात एक टोकन सोडले की ते फिरत राहते आणि फेरीचा वेळ हेच मोजमाप होते. पुरवठा एक व्होल्टपासून २० मिलिव्होल्टच्या पायऱ्यांनी उतरवत जावा, प्रत्येक पायरीवर फेरीचा वेळ आणि सरासरी प्रवाह नोंदवावा, आणि दोहोंचा व्होल्टेजसह गुणाकार करून एका फेरीची ऊर्जा काढावी. आलेखात किमान ऊर्जेचा तळ दिसेल. आणखी उतरवत गेल्यास एका व्होल्टेजला टोकन थांबेल. ते कोणत्या सी-एलिमेंटपाशी थांबले ते शोधावे, त्या गेटचे ट्रान्झिस्टर थोडे रुंद करावेत आणि हाच प्रयोग पुन्हा करावा.